प्रत्येक गेजचं शेवटचं कॅलिब्रेशन: शिरोलीतल्या एका कामाच्या नोंदी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं काम आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. कास्टिंग बाहेरून येतं, इथं मशिनिंग आणि तपासणी होते, माल पुण्याकडं जातो. तपासणीची साधनं ४१२: व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेज, स्नॅप गेज, बोअर गेज, डायल. मालकांना एकच पान हवंय. प्रत्येक गेजपुढं त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन (गेज बरोबर मोजतोय ना ते लॅबकडून ताडून घेणं) कधी झालं, निकाल काय, पुढचं कधी, आणि गेज आत्ता कुणाकडं आहे. ऑडिटवाले आले की हेच मागतात.

असं काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय. क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) फोनवर सांगतो तशा लिहिल्यात, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगात टाका.

१० जून

सामान बघितलं. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस, त्यावर कुणीतरी आधी केलेली पीएचपीची पानं. कॅलिब्रेशनच्या नोंदी मात्र एक्सेलमध्ये, २०११ पासूनच्या, नऊ हजारांच्या आसपास. त्या टेबलात भरल्या.

भरताना तारखेचा कॉलम मजकूर म्हणूनच आत गेला. मायक्रोमीटर एमएम-०१२ ची सगळ्यात मोठी तारीख मागितली तर ३१/०१/२०२२ आली. त्याच्या खाली २८/०१/२०२३ आणि २५/०१/२०२४ समोर दिसत होत्या. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराची होते. ३१ हे २८ आणि २५ पेक्षा मोठं, वर्षापर्यंत गाडी पोचतच नाही. ह्या गेजचं कॅलिब्रेशन दरवर्षी दोन-तीन दिवस अलीकडं होत आलं, म्हणून लगेच दिसलं. बाकीच्यांत बघायला गेलं तर अर्ध्याअधिक उत्तरं योगायोगानं बरोबर येत होती, आणि ते जास्त वाईट.

स्ट्र-टू-डेट (मजकुराची तारीख करणारं फंक्शन) वापरून खऱ्या डेट कॉलममध्ये नेलं. काही ओळी जाईनात: मधे टिंब, दोन आकडी वर्ष, एका ठिकाणी नुसतं 'जाने. २१'. त्या फाइलींतली सर्टिफिकेटं काढून हातानं भरल्या. संध्याकाळ त्यातच गेली. शेवटची ओळ शोधायच्या आधी 'मोठी तारीख' म्हणजे काय हे डेटाबेसला नीट कळतंय ना, एवढं आधी बघा.

१३ जून

पहिली क्वेरी, सगळे लिहितात तीच (जॉईन म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जोडणं, ग्रुप बाय म्हणजे एकेका गेजच्या ओळींचा गट करून एकच ओळ काढणं):

सिलेक्ट ग.कोड, मॅक्स(क.तारीख), क.निकाल
फ्रॉम गेज ग जॉईन कॅलिब्रेशन क ऑन क.गेज_आयडी = ग.आयडी
ग्रुप बाय ग.आयडी

लॅपटॉपवर एसक्यूलाइट ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये चालवली, ताडून बघितली, अगदी बरोबर. कारखान्यात मायएसक्यूएलवर चालवली, तिथंही एरर नाही. पान मालकांना दाखवून आलो.

१४ जून

स्टोअरचे मामा प्रिंट घेऊन आले. पीजी-०४७ च्या ओळीवर बोट. "सर, ह्यो गेज तुमच्या कागदावर पास हाय. मी सवता त्याला लाल पट्टी मारून कपाटात ठेवलाय की."

पीजी-०४७ च्या शेवटच्या तीन ओळी अशा:

१२-०५-२०२२, पास
०९-०५-२०२३, पास
१४-०५-२०२४, रिजेक्ट, शेरा: गो बाजू झिजली

आणि माझं पान म्हणत होतं: १४-०५-२०२४, पास. तारीख एका ओळीची, निकाल दुसऱ्याच ओळीचा. अशी ओळ टेबलात कुठंच नाही, ती क्वेरीनं तयार केली.

मॅक्स फक्त त्या एका कॉलमपुरतं असतं, त्यामुळं सगळी ओळ काही उचलून येत नाही. ग्रुप बायमध्ये नसलेला आणि मॅक्स-मिनमध्येही नसलेला कॉलम मागितला तर मायएसक्यूएल त्या गटातली कुठलीही किंमत देऊ शकतं. ५.७ मध्ये हे अडवणारी 'ओन्ली फुल ग्रुप बाय' ही सेटिंग मुळात चालूच असते आणि १०५५ नंबरची एरर येते. इथं आधीच्या कुणीतरी ती एरर नको म्हणून सेटिंगच काढून टाकली होती. एसक्यूलाइटचा कायदा वेगळा. तिथं एकटं मॅक्स किंवा मिन असेल तर बाकीचे कॉलम त्याच ओळीतून येतात, असं त्यांच्या कागदपत्रांतच लिहिलंय. म्हणून लॅपटॉपवर बरोबर, कारखान्यात चूक.

सेटिंग परत चालू केली. जुन्या पानांपैकी तीन पानं त्याबरोबर बंद पडली, म्हणजे तीही इतके दिवस असलंच काहीतरी दाखवत होती. ती दुरुस्त करायला पूर्ण दिवस गेला, त्याचे पैसे कुणाकडं मागायचे हा प्रश्न वेगळा.

१८ जून

जुन्या पानांत एक युक्ती सापडली. आत सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) तारखेनं उतरत्या क्रमानं लावायचं आणि बाहेर ग्रुप बाय करायचं, म्हणजे प्रत्येक गटाची 'पहिली' ओळ येते. ५.६ पर्यंत हे बऱ्याचदा चालून जायचं, म्हणून कित्येक ठिकाणी अजून सापडतं. ५.७ पासून ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आतली सबक्वेरी बाहेरच्या क्वेरीत मिसळतो, आणि बाहेर ग्रुप बाय असेल तर आतला ऑर्डर बाय सरळ सोडून देतो. सबक्वेरीला क्रम नसतो, हेच खरं. सापडेल तिथं काढून टाका, एवढंच.

२१ जून

आता शहाण्यासारखं. आधी प्रत्येक गेजची मोठी तारीख काढायची, मग ती गेज आणि तारीख ह्या दोन्हींवर परत कॅलिब्रेशनला जोडायची. पीजी-०४७ रिजेक्ट आला. मोजल्या तर ४१२ ओळी. गेजही ४१२. आकडा जुळला, काम झालं म्हणून बाहेर चहा घेतला.

चहाच्या टपरीवरच मामांनी विचारलं की नवा बोअर गेज यादीत का नाही.

परत मोजलं, ह्या वेळी डिस्टिंक्ट, म्हणजे वेगवेगळे, गेज मोजले. ४०५. म्हणजे सात गेज यादीत नव्हतेच, कारण नवीन आणलेले, त्यांचं कॅलिब्रेशनच अजून झालेलं नाही, आणि साध्या जॉईननं त्यांना गाळलं. दुसरीकडं सात गेज दोनदा आले होते, एकाच तारखेच्या दोन-दोन नोंदी असल्यामुळं. सात गेले, सात वाढले. ओळींची संख्या जुळली एवढ्यावर कधी जाऊ नका. एकूण ओळी आणि वेगळे गेज, दोन्ही मोजा. दोन्ही आकडे मूळ गेज टेबलाइतके आले तरच पुढं.

लेफ्ट जॉईन (जोडी सापडली नाही तरी डावीकडच्या टेबलाची ओळ ठेवतो) केलं, ४१९ ओळी झाल्या. आता निदान चूक उघड्यावर आली.

२४ जून

एकाच तारखेला दोन नोंदी कशा, हे विचारायला क्वालिटीच्या मॅडमकडं बसलो. लॅबच्या सर्टिफिकेटवर कधीकधी दोन वाचनं असतात: साधन आलं तेव्हा कसं होतं, आणि ॲडजस्ट केल्यावर कसं झालं. मायक्रोमीटरचं शून्य सरकलेलं असतं, लॅबवाले ते लावून देतात. भरणाऱ्यानं दोन्ही वाचनांच्या दोन ओळी केल्या, पहिली रिजेक्ट, दुसरी पास, तारीख एकच.

मग सगळंच विचारून घेतलं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, कारण खरं काम इथंच होतं, एसक्यूएल नंतरचं.

रद्द केलेलं सर्टिफिकेट (चुकीचा नंबर पडला, लॅबनं परत पाठवलं) शेवटचं धरायचं का? नाही, ते झालंच नाही असं समजायचं. मग रिजेक्ट निकाल? तो धरायचाच. रिजेक्ट बाजूला काढून शेवटचा पास दाखवला तर लाल पट्टीचा गेज यादीत हिरवा होईल. म्हणजे रद्दची अट शेवटची ओळ निवडायच्या आधी लागते, आणि निकालाची अट निवडल्यानंतर. दोन्ही अटी दिसायला सारख्याच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

नोंद उशिरा भरली तर? दोन वर्षांपूर्वीची सर्टिफिकेटं गेल्या महिन्यात सापडून भरलेली आहेत. तेव्हा मोठा आयडी म्हणजे शेवटचं, हे चालणार नाही. तारीख आधी. तारीख सारखी असेल तर आयडी बघू म्हटलं, तर मॅडमनी दोन गेज दाखवले जिथं ॲडजस्ट केल्यानंतरचं वाचन आधी भरलंय आणि आधीचं नंतर.

म्हणून 'टप्पा' नावाचा कॉलम घातला. १ म्हणजे आलं तसं, २ म्हणजे ॲडजस्ट केल्यावर. रिकामा ठेवता येणार नाही असा. क्रम ठरला: तारीख, मग टप्पा, मग आयडी. आयडी शेवटी ठेवायचाच, म्हणजे दोन ओळी कधी बरोबरीत सुटत नाहीत.

२७ जून

५.७ मध्ये विंडो फंक्शन (गटातल्या ओळींना क्रमांक वगैरे देणारी) नाहीत, म्हणून टेबल स्वतःलाच जोडून केलं. कॅलिब्रेशनची एक ओळ घ्यायची, त्याच गेजची तिच्यापेक्षा नंतरची ओळ लेफ्ट जॉईननं शोधायची, आणि जिला नंतरची सापडत नाही ती शेवटची:

लेफ्ट जॉईन कॅलिब्रेशन न
ऑन न.गेज_आयडी = क.गेज_आयडी अँड न.रद्द = ०
अँड (न.तारीख, न.टप्पा, न.आयडी) > (क.तारीख, क.टप्पा, क.आयडी)
व्हेअर क.रद्द = ० अँड न.आयडी इज नल

रद्दची अट दोन्ही बाजूंना लागते. 'न'ची राहिली तर रद्द झालेली नवी ओळ जुन्या चांगल्या ओळीला हरवते आणि स्वतःही यादीत येत नाही, म्हणजे गेजच गायब.

ही आख्खी क्वेरी कंसात घालून गेजला लेफ्ट जॉईन केली. ओळी ४१२, वेगळे गेज ४१२, पीजी-०४७ रिजेक्ट, नवे सात रिकामे.

पण पान उघडायला वीसेक सेकंद. गेज_आयडीवर इंडेक्सच (ओळ पटकन सापडायची सूची) नव्हता. नऊ हजार ओळी नऊ हजारांशी ताडायच्या म्हणजे ८ कोटी १० लाख तुलना. गेज_आयडी आणि तारीख असा जोडइंडेक्स घातला, पान लगेच उघडायला लागलं. इनोडीबीत (मायएसक्यूएल टेबलं साठवतं ती पद्धत) दुय्यम इंडेक्सच्या पोटात प्रायमरी की, इथं आयडी, असतेच, त्यामुळं आयडी वेगळा घालायची गरज नाही.

३ जुलै

'ड्यू' यादी. पुढची तारीख आजच्या आधीची असेल ते गेज. व्हेअरमध्ये अट घातली आणि नवे सात परत गायब. त्यांची पुढची तारीख नल (किंमतच नाही) आहे, नल हे आजपेक्षा लहानही नाही आणि मोठंही नाही, म्हणून व्हेअर त्यांना आत सोडत नाही.

अशा वेळी 'अट व्हेअरमधून ऑनमध्ये न्या' असं सांगतात. इथं तसं केलं तर सगळे ४१२ गेज यादीत येतात, ज्यांची तारीख टळलेली नाही तेही, फक्त रिकाम्या कॉलमांनी. मला गेज गाळायचेच आहेत, तेव्हा अट व्हेअरमध्येच हवी, सोबत 'ऑर पुढची तारीख इज नल'. कधीच कॅलिब्रेट न झालेला गेज ड्यू यादीत सगळ्यात वर असायला पाहिजे. ते मॅडमनी न विचारता सांगितलं.

९ जुलै

इश्यू रजिस्टर (कुठला गेज कुणाला दिला त्याच्या नोंदी) जोडलं, कारण गेज कुणाकडं आहे ते हवंय. इथंही तेच, प्रत्येक गेजचा शेवटचा इश्यू. जुन्या पानावर 'कॅलिब्रेशनचा खर्च' असाही रकाना होता आणि तो आकडा मालकांना कधीच पटत नव्हता. का, ते आज कळलं.

एक प्लग गेज उदाहरणाला. त्याची पाच कॅलिब्रेशनं, प्रत्येकी ३५० रुपये. खर्च १,७५० रुपये. त्याच गेजचे इश्यू नऊ. गेजला दोन्ही टेबलं एकदम जोडली की प्रत्येक कॅलिब्रेशन प्रत्येक इश्यूबरोबर जोडी लावतं, पाच गुणिले नऊ, ४५ ओळी. बेरीज १५,७५० रुपये. गेज जेवढा जास्त वेळा कामगारांच्या हातात गेला, तेवढा त्याचा लॅबचा खर्च फुगला.

आधीच्या माणसालाही हे दिसलं असावं, कारण एका पानावर त्यानं सम डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरून बेरीज) लावलेलं. पाचही बिलं ३५० चीच, मग डिस्टिंक्टनं त्यातलं एकच ठेवलं आणि खर्च ३५० दाखवला. जॉईनमुळं ओळी वाढल्या की डिस्टिंक्ट मारायची सवय बऱ्याच जणांना असते. डिस्टिंक्ट दिसलं की मी आता जॉईन तपासायला घेतो.

उपाय सोपा. शेवटचं कॅलिब्रेशन स्वतंत्र कंसात, शेवटचा इश्यू स्वतंत्र कंसात, खर्चाची बेरीज तिसऱ्या कंसात. प्रत्येक कंसातून गेजमागं जास्तीत जास्त एकच ओळ बाहेर आली पाहिजे. मग कितीही जोडा.

इश्यूत आणखी एक खोच निघाली. मामा गेज परत आला की त्याच ओळीत परत-तारीख टाकतात. मी आधी 'परत-तारीख नल असलेल्यांतला शेवटचा' असं निवडलं. त्यात दोन वर्षांपूर्वी परत मांडायचा राहिलेला इश्यू वर आला आणि नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या नावावर गेज दिसला. आधी शेवटचा इश्यू निवडायचा, मग तो परत आलाय का बघायचं. रद्द आणि रिजेक्टचाच हा दुसरा अवतार.

१७ जुलै

मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय, आणि तारीख-टप्पा-आयडीची ती लांबलचक अट दुसऱ्या कुणाला समजावून सांगताना मलाच दम लागतो. ८.० वर जायचं ठरलं. मालकांनी जुन्या मशीनला नवी एसएसडी घ्यायला होकार दिला, राजारामपुरीतून आणली, २,३०० रुपये. जुनी डिस्क तशीच काढून कपाटात ठेवली, काही झालं तर परत लावायला.

डम्प (सगळ्या डेटाची एक फाइल) घेतला, नव्या डिस्कवर ८.० घालून भरला. अडलेल्या गोष्टी:

पीएचपी जोडणीच करेना. ८.० मध्ये पासवर्डची मूळ पद्धत बदललीय, जुन्या पीएचपीला ती ओळखता येत नाही. त्या एका युजरला जुनी नेटिव्ह पासवर्ड पद्धत दिली. हे तात्पुरतं, पुढच्या आवृत्त्यांत ती पद्धत काढलीय, म्हणजे पीएचपी बदलावंच लागणार.

गेजचे प्रकार ठेवलेलं टेबल 'ग्रुप्स' नावाचं. ८.० मध्ये ग्रुप्स हा राखीव शब्द झालाय, रँकसुद्धा. प्रत्येक क्वेरीत उलटं अवतरण घालत बसण्यापेक्षा टेबलाचं नाव बदललं.

याद्यांचा क्रम विस्कटला. ५.७ पर्यंत ग्रुप बाय केलं की आपोआप त्याच क्रमानं लावून यायचं. ८.० मध्ये ते बंद. जिथं क्रम हवा तिथं ऑर्डर बाय लिहायचं, जे आधीपासूनच लिहायला हवं होतं.

२५ जुलै

पाऊस थांबेना. कारखान्यात सगळ्यांच्या मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, त्यामुळं दुपारीच सगळ्यांना सोडलं. डेटाची एक प्रत बरोबर घेऊन घरी आलो आणि विंडो फंक्शननं क्वेरी नव्यानं लिहिली:

सिलेक्ट ग.कोड, श.तारीख, श.निकाल
फ्रॉम गेज ग
लेफ्ट जॉईन (
सिलेक्ट क.*, रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय क.गेज_आयडी ऑर्डर बाय क.तारीख डेस्क, क.टप्पा डेस्क, क.आयडी डेस्क) ॲज नं
फ्रॉम कॅलिब्रेशन क व्हेअर क.रद्द = ०
) श
ऑन श.गेज_आयडी = ग.आयडी अँड श.नं = १

इथं 'नं = १' ऑनमध्येच हवं. बाहेर व्हेअरमध्ये टाकलं की नवे सात गेज परत गळतात, लेफ्ट जॉईन असून नसल्यासारखं. आणि आतल्या व्हेअरमध्ये तर ते टाकताच येत नाही, कारण व्हेअर आधी चालतं, नंबर नंतर पडतात. म्हणून कंस लागतोच.

रो नंबरऐवजी रँक वापरलं आणि क्रमात आयडी विसरलं तर बरोबरीतल्या दोन्ही ओळींना १ मिळतो, म्हणजे परत दोनदा. रो नंबरला आयडी विसरलं तर दोनदा येणार नाही, पण आज एक ओळ आणि उद्या दुसरी, असं होऊ शकतं. ते सापडायला जास्त अवघड.

जुनी स्वतःला जोडलेली क्वेरी आणि ही नवी, दोन्हींचे निकाल ओळ-ओळ ताडले. फरक शून्य. जुनी फाइल ठेवलीय, ५.७ वर अडकलेल्या कुणाला लागली तर.

एक जण सुचवत होता की गेज टेबलातच 'शेवटचं कॅलिब्रेशन' असा कॉलम ठेव आणि नवी नोंद आली की तो बदल. वाचायला झटपट खरं, पण मग एखादं सर्टिफिकेट रद्द झालं, तारीख दुरुस्त झाली, जुनं सापडून भरलं, प्रत्येक वेळी तो कॉलम परत काढायला हवा. इथं ह्या तिन्ही गोष्टी होतात. नऊ हजार ओळींसाठी हे दुखणं मी घेणार नाही. कोट्यवधी ओळी असत्या तर विचार केला असता.

६ ऑगस्ट

पाणी उतरलं, कारखाना सुरळीत. मॅडमचा खरा प्रश्न आज बाहेर आला: "आज गेज पास आहे का ते मला कपाट उघडून पण दिसतं. जॉब मोजला त्या दिवशी तो पास होता का, ते सांगा."

गट बदलला. आता गट गेजचा नाही, तपासणीच्या एकेका ओळीचा. प्रत्येक तपासणीसाठी तिच्या तारखेला किंवा त्याआधी झालेलं शेवटचं कॅलिब्रेशन. वरची 'नं = १' वाली क्वेरी इथं उपयोगाची नाही, कारण तिनं आजचं शेवटचं आधीच निवडून ठेवलंय. तपासणी मार्चची आणि कॅलिब्रेशन मेचं असेल तर तारखेची अट लावल्यावर हाती काहीच उरत नाही.

८.०.१४ पासून लॅटरल आहे, त्यानं सरळ लिहिता आलं. कंसातली क्वेरी बाहेरच्या तपासणीची तारीख बघू शकते: त्याच गेजची, रद्द नसलेली, तारीख तपासणीच्या तारखेपेक्षा मोठी नसलेली, ठरलेल्या क्रमानं, लिमिट १. बाहेर लेफ्ट जॉईन, ऑन ट्रू. तपासणीच्या दोन लाखांवर ओळी आहेत, पण महिना निवडूनच पान उघडतं आणि २७ जूनचा जोडइंडेक्स इथंही कामाला येतो. इंडेक्स काढून बघितला, पान उघडायच्या आत ब्राउझरनं नाद सोडला.

ह्यातून नको ते पण बाहेर आलं. काही तपासण्या अशा दिवशीच्या, जेव्हा तो गेज लॅबमध्ये होता. ऑपरेटर रोजचा गेज नंबर सवयीनं लिहितात, हातात कुठलाही असो. ती यादी मी मॅडमना दिली आणि तिथून बाजूला झालो. ते माझं खातं नाही.

१२ ऑगस्ट

पीजी-०४७ कडं परत. प्लग गेजची गो बाजू भोकात गेली पाहिजे, तेव्हा भोक किमान मापाचं आहे असं ठरतं. गो बाजू झिजून बारीक झाली की मापापेक्षा लहान भोकातही ती जाते आणि खराब जॉब पास होतो. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.५.२ मध्ये हेच आहे: साधन बिघडलेलं निघालं तर त्यावर आधी केलेली मापं धरायची का, हे बघावं लागतं.

म्हणजे प्रत्येक रिजेक्टसाठी त्याच्या आधीचा शेवटचा पास, आणि त्या दोघांमधल्या तपासण्या. इथं मात्र निकाल पास ही अट निवडीच्या आत जाते. २४ जूनला जी अट बाहेर ठेवायची ठरली तीच आज आत, कारण प्रश्नच वेगळा आहे. लॅगनं नुसती मागची ओळ घेऊन भागत नाही, मागची ओळही रिजेक्ट असू शकते. लॅटरलच वापरलं.

०९-०५-२०२३ ते १४-०५-२०२४ मधल्या जॉबची यादी निघाली, लांब आहे. त्यातले काही नमुने अजून स्टोअरला ठेवलेत. मामांनी त्यांचे ट्रे बाहेर काढलेत, मॅडम नव्या गेजनं मोजणार आहेत.

१९ ऑगस्ट

उद्यमनगरातल्या एका युनिटला हेच पान हवंय, त्यांच्याकडं पोस्टग्रेस हा डेटाबेस. तिथं डिस्टिंक्ट ऑन आहे, रो नंबरपेक्षा कितीतरी आटोपशीर: डिस्टिंक्ट ऑन गेज_आयडी, आणि ऑर्डर बायची सुरुवातही गेज_आयडीनंच करावी लागते, पुढं तारीख, टप्पा, आयडी. चालवून बघितलं तर काही गेजना तारीखच नाही असं आलं, नोंदी असून. पोस्टग्रेसमध्ये उतरत्या क्रमात नल सगळ्यात वर येतात, मायएसक्यूएलमध्ये खाली. त्यांच्या टेबलात तारीख न भरलेल्या नोंदी आहेत आणि त्याच 'शेवटच्या' म्हणून निवडल्या जात होत्या. तारखेच्या उतरत्या क्रमापुढं नल्स लास्ट लिहिलं आणि यादी बरोबर आली. तारीख नसलेल्या नोंदींची यादी वेगळी काढून त्यांच्या क्वालिटीवाल्यांकडं दिलीय, सर्टिफिकेटं बघून ते भरतील.